दलदलीतील पाहुणे

ओडिशा राज्यात समुद्रालगत चिल्का हे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथे समुद्राचे खारे व नद्यांचे गोडे पाणी एकत्र मिसळते. १९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. त्याच्या उत्तर काठी मंगलाजोडी गाव वसले आहे. हिवाळा लागला, की दूरदेशीच्या पाखरांचे थवे येथील दलदलीत उतरतात.

एके काळी गावातील अनेकांचा चरितार्थ या पाखरांच्या शिकारीवर चाले. पाखरे झपाट्याने घटू लागली. तेव्हा २००० सालाच्या सुमारास काही शिकाऱ्यांनी शिकार सोडून पक्षिरक्षणाची समिती स्थापन केली. कोणता पक्षी कोठे चरतो, हे शिकाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? तेच ज्ञान आता कामी आले. प्रवाशांना नावेतून पक्षी दाखवणे हा त्यांचा नवा व्यवसाय झाला. नाव बांबूने रेटीत नेतात. यंत्राचा आवाज नसतो. मुक्कामासाठी काठावर कुट्या आहेत.

मात्र मुक्कामी आलेल्यांनी गोंगाट केला, तर पाखरे चारा टाकून उडतात आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेले बळ व्यर्थ जाते. पाखरे गेली, तर कुट्याही ओस पडतील. या दलदलीचे पहिले पाहुणे पाखरे होत. माणूस त्यांच्यामागून आलेला आहे.