दुसऱ्याचे कागद, आपला संगणक



मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवरील मुलांचे महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही डोंबिवलीत भरून देतो. त्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, बँक खाती आपल्या हाती येतात. म्हणून ब्राउझर कोणता वापरावा, हा प्रश्नही सेवेचाच आहे.

क्रोम सोयीचा आहे. तो पासवर्ड लक्षात ठेवतो, रकाने आपोआप भरतो आणि सिंक चालू असेल तर हे सारे आपल्या मोबाइलवरही आणतो. पण त्याच संगणकावर नंतर बसणाऱ्यालाही ते दिसू शकते. फायरफॉक्सही पासवर्ड साठवतो. मात्र 2022 पासून तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगवेगळ्या ठेवतो, त्यामुळे आपला माग काढणे अवघड होते. इन्कॉग्निटो खिडकी बंद केल्यावर इतिहास राहत नाही, पण डाउनलोड केलेला दाखला फोल्डरमध्ये तसाच राहतो.

स्वतःच्या कामाला सोयीचा ब्राउझर खुशाल वापरावा. मुलांच्या अर्जांसाठी वेगळा ठेवावा, त्यात पासवर्ड साठवू नये, सिंक बंद ठेवावे, शेवटी फाइल पुसावी. दर वेळी पासवर्ड टाइप करण्यात वेळ जाईल; तो आनंदाने द्यावा.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो पाड्यावरच्या लेकरालाही आहे. दुसऱ्याचे गुपित राखण्याविषयी नीतिसूत्रे 11:13 वाचावे.

मननासाठी प्रश्न: आपल्या मंडळीच्या संगणकावर आज कोणाकोणाचे कागद पडून आहेत?