ताटाचा आणि चालण्याचा हिशोब

मी जायचे त्या व्यायामशाळेच्या भिंतीवर एक तक्ता होता. एका बाजूला वडापाव, समोसा, गुलाबजाम, पुरणपोळी. समोर ते ‘जाळायला’ किती मिनिटं चालावं लागेल त्याचे आकडे. बरेच महिने मी त्या तक्त्याप्रमाणे वागले. आता तसेच तक्ते मोबाइलवरून घरोघरी पोचतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गणित बघा. ताशी पाचेक किलोमीटर वेगाने चालताना दर किलो वजनामागे तासाला साधारण साडेतीन कॅलरी खर्च होतात. माझं वजन ६० किलो, म्हणजे तासाला २१०. वडापावच्या ३०० धरल्या, तर भागाकार येतो सुमारे ८५ मिनिटं. पण तो तास मी खुर्चीत बसून काढला असता, तरी ६० कॅलरी गेल्याच असत्या. चालल्यामुळे जादा गेल्या त्या १५०. म्हणजे ८५ मिनिटं नव्हे, दोन तास! घड्याळावरही विसंबू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांनी नीट मोजली, पण कॅलरी मोजताना त्यातलं सर्वांत चांगलंही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

म्हणून आता दोन तास चाला, असं मी मुळीच म्हणणार नाही. दिवसभर अंथरुणावर पडून राहिलं तरी माझ्या वजनाच्या बाईचं हृदय, मेंदू, यकृत आणि बाकीचे अवयव मिळून बाराशे-तेराशे कॅलरी वापरतात. जेवण मुख्यतः त्यांच्यासाठी असतं, आणि ते पायांनी फेडायचं नसतं. शिवाय चालणं वाढवलं म्हणून दिवसाचा खर्च त्याच मापाने वाढतो, असंही नाही. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हर्मन पाँट्झर यांच्या अभ्यासात, शरीराचा आकार लक्षात घेता, त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या माणसांएवढाच निघाला.

हिशोब करायचाच असेल तर तो स्वयंपाकघरात करावा. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढ्यासाठी मला पाऊण तासाहून जास्त चालावं लागेल. त्यापेक्षा भाजीत तेवढं तेल कमी घालणं किती सोपं आहे! चालायचं ते वेगळ्या कारणांसाठी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, म्हणून शतपावली सोडू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. त्यात वडापावचा संबंधच येत नाही.

तक्त्याप्रमाणे वागण्याच्या त्या महिन्यांत माझे गुडघे दुखले, चिडचिड वाढली, ते निस्तरता आलं. जिवाला लागलं ते वेगळंच. होळीला मुलीच्या पानात पोळी वाढली, तर ती म्हणाली, “आई, हिची किती मिनिटं?” शाळकरी, वाढत्या वयाची पोर. पुढे ती रात्रीचं जेवण टाळायला लागली, आणि जेवली की खोलीत दार लावून दोरीवरच्या उड्या मारायला लागली. तक्ता तिला कुणी शिकवला नव्हता. तिने तो माझ्या तोंडून ऐकला होता.

मुलांसमोर पदार्थाचं नाव घेऊन मिनिटं मोजू नका. ‘आज गोड खाल्लं, उद्या जास्त पळ,’ हे थट्टेतही नको. मूल जेवणाच्या वेळा चुकवू लागलं, खाल्ल्याबद्दल स्वतःला व्यायामाची शिक्षा देऊ लागलं, मुलीची पाळी थांबली, तर ‘वय आहे, होईल ठीक’ म्हणत बसू नका. अंगाला लागेल एवढं अन्न मिळालं नाही की पाळी थांबते आणि हाडंही ठिसूळ होऊ लागतात. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं तर तिथेही त्याच आठवड्यात जा. आम्ही गेलो. आता ती आमच्याबरोबर बसून जेवते, आणि व्यायामशाळेतला तक्ता मी सांगून काढायला लावला.