अडलेल्या यंत्राची कैफियत

चि. बाळ यास,



तुझा निरोप आणि त्यासोबतची चार छायाचित्रे परवा पोहोचली. डिशवॉशरच्या तळाशी तांब्याभर गढूळ पाणी साचून राहते, काचेच्या पेल्यांवर पांढुरकी साय धरते, आणि पाहणीस आलेल्या कारागिराने आतली गाळणीदेखील न काढता पंप बदलण्याचा हुकूम सोडला, एवढ्यावरून यंत्र विकून टाकण्याच्या निर्णयाप्रत तू येऊन ठेपला आहेस. ज्याने हयातीची तीस-बत्तीस वर्षे दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत काढली आणि त्यातली अखेरची शिरस्तेदार म्हणून, त्याला हा क्रम उलटा वाटल्यावाचून राहत नाही. येथे निकाल आधी लागला आहे आणि चौकशी अजून व्हायची आहे. फोनवर दोन ओळींत उत्तर देणे मला साधत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

या शास्त्रात काकांचा अधिकार तो काय, असे तुझ्या मनात येणे स्वाभाविक आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत भांडीवाल्या बाईंचे येणे बंद पडले, तुझ्या काकूच्या मनगटाने असहकार पुकारला, आणि ओट्याखालचे एक कपाट काढून तिथे हे यंत्र येऊन बसले. तेव्हापासून त्याच्या तक्रारी नोंदवून घेणे हेच माझे निवृत्तीनंतरचे दफ्तर आहे. त्या दफ्तरावरून माझी खातरजमा झाली आहे ती अशी, की हे यंत्र क्वचित मोडते आणि वारंवार अडते. आणि अडलेल्याला मोडलेले समजून त्याचे भाग बदलत सुटणे, हा खर्चाचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

ते चालते कसे, हे प्रथम समजून घे. नळाच्या पाण्याला एक विद्युत् झडप वाट देते. ते पाणी क्षार शोषून घेणाऱ्या कप्प्यातून तळाच्या खळग्यात उतरते, तिथे तापते, आणि अभिसरणाचा पंप ते वरच्या-खालच्या फिरत्या हातांत जोराने ढकलतो. या हातांना स्वतःची मोटर नसते. भोकांतून तिरप्या सुटणाऱ्या धारांच्या उलट्या रेट्यानेच ते गरगरतात. भांड्यांवरून ओघळलेले तेच पाणी गाळणीतून खाली येते, पुन्हा वर जाते, आणि आपले काम संपले म्हणजे निचऱ्याचा दुसरा, लहानसा पंप त्याला सांडपाण्याच्या नळीत फेकून देतो. सगळ्या धुण्याला मिळून दहा-बारा लिटरांच्या आसपास पाणी लागते, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्या मोरीत जी बादली भरून ठेवलेली असे, तिच्याहूनही कमी. इतक्या थोड्या पाण्याने इतकी भांडी निघायची, तर त्याच्या वाटेत कुठेही अडथळा असता कामा नये, हे उघड आहे.

या कल्पनेचे श्रेय, तुला मौज वाटेल, एका गृहिणीकडे जाते. ज्या १८८६ सालात आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाल्या, त्याच सालात इलिनॉय संस्थानातील शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रन यांनी आपल्या भांडी धुण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या उंची बश्यांचे टवके उडत, हे या उद्योगाचे निमित्त सांगतात. घासणीऐवजी पाण्याच्या जोरावर विसंबायचे आणि प्रत्येक भांडे तारेच्या चौकटीत आपापल्या जागी बसवायचे, हा त्यांचा विचार आजच्या यंत्रातही कायम आहे. आपण मात्र वाटीत वाटी आणि ताटाला ताट चिकटवून ठेवतो, खालच्या हाताच्या वाटेत डाव उभा करतो, आणि भांडी खरकटी निघाली की यंत्राच्या नावाने फिर्याद गुदरतो. दार लावण्यापूर्वी दोन्ही हात बोटाने एकदा फिरवून पाहणे, आणि चूर्णाच्या कप्प्याचे झाकण उघडण्याच्या आड एखादे उंच ताट तर येत नाही ना हे तपासणे, एवढ्यानेच निम्म्या तक्रारी निकालात निघतात.

आता तुझ्या साचलेल्या पाण्याकडे वळतो. प्रथम प्लग काढ, नळ बंद कर, आणि पाणी वाटीने व स्पंजाने उपसून घे. हातात रबरी मोजे असू देत, कारण फुटलेल्या पेल्याची कपची नेमकी याच खळग्यात दबा धरून बसलेली असते. गाळणी फिरवून काढ. तिचे दोन-तीन भाग सुटे होतात. ते जुन्या दातघासणीने नळाखाली धू. गाळणीच्या खाली, विहिरीसारख्या खोलगट जागेच्या बाजूस, निचऱ्याच्या पंपाचे छोटे आच्छादन असते. पुष्कळ यंत्रांत ते चमच्याच्या टोकाने उचलून काढता येते. त्याच्या मागचे पाते बोटाने हळूच फिरवून पाहा. ते सरळ न फिरता थोडे अडखळत, झटके देत फिरेल. त्यात चुंबक असल्यामुळे तसे होते, त्यावरून मोटर बिघडली असा तर्क करू नकोस. ते मुळीच हलत नसेल, तर त्याच्या भोवती काय अडकले आहे ते शोध.

माझ्या बाबतीत तो चिंचोका होता. दिवाळीच्या आधी मी मोठ्या उत्साहाने गाळणी साफ केली आणि ती परत बसवताना खटका लागेपर्यंत फिरवली नाही. ती जागच्या जागी दिसत होती, पण एका कडेने उचललेली राहिली. आठवडाभराने सांबाराच्या पातेल्यातून निसटलेला एक चिंचोका त्या फटीतून विहिरीत, आणि विहिरीतून पंपाच्या पात्यापाशी गेला. यंत्र घुरघुरले, थांबले, आणि पडद्यावर एक सांकेतिक आकडा दाखवून स्वस्थ बसले. ज्याला बोलावले त्याने तो चिंचोका दोन मिनिटांत काढला आणि भेटीचा आकार घेऊन गेला. त्याच्यावर माझा राग नाही, कारण चूक माझी होती आणि ती त्याने मला दाखवूनही दिली. तेव्हापासून गाळणी बसवल्यावर मी तिच्यावर तळहात फिरवून ती सपाट बसल्याची रुजवात घेतो. तूही घे.

पंप मोकळा निघाला तर नळीची जबानी घे. ओट्याखाली डबे सारताना ती कुठे दुमडली आहे काय, सिंकच्या सांडपाणी-नळाला ती जिथे जोडली आहे त्या तोंडात तुपातेलाचा थर जमला आहे काय, आणि ती योग्य उंचीवर टांगली आहे काय, हे पाहा. बहुधा जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरच्या वर आणि एक मीटरच्या आत तिला वळण द्यावे लागते. फार खाली राहिल्यास सिंकचे घाण पाणी उलट आत येते, आणि फार वर गेल्यास तो लहानसा पंप ते पाणी चढवू शकत नाही. एक सूचना मात्र ध्यानात ठेव: धुणे संपल्यावर विहिरीत थोडे स्वच्छ पाणी राहणे हा दोष नाही, पंपाच्या रबरी कड्या ओल्या राहाव्यात म्हणून ते राहतेच. तुझे पाणी गढूळ आणि पुष्कळ आहे, म्हणून ही तपासणी.

पांढऱ्या सायीचा मामला निराळा, आणि मला वाटते तुझ्या घरी तोच अधिक जुना असावा. तुमच्या इमारतीला कधी टँकरचे, कधी कूपनलिकेचे पाणी येते. अशा जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापवले की काचेवर उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा ग्राह्य धरतात आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारे ते पाणी यंत्राच्या पेल्यांना मात्र जड जाते. यासाठीच यंत्रात राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. ते मणी पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदली सोडियम सोडतात, आणि त्यांची शक्ती संपली म्हणजे मिठाचे पाणी त्यांना पुन्हा ताजे करते. म्हणून तळाशी जे मिठाचे झाकण आहे, त्याच्याकडे तू किती महिन्यांत पाहिले नाहीस ते आठव.

त्यात डिशवॉशरसाठी मिळणारे जाड, शुद्ध मीठच घालावे. आपले रोजचे बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात, त्यांनी ती वाट बुजते. पहिल्या वेळी कप्पा पाण्याने भरून मग मीठ ओतायचे असते. नंतर नुसते मीठ. भरताना सांडलेले खारे पाणी पोलादावर तसेच राहिले तर गंज धरतो, म्हणून मीठ भरल्यावर लगेच एक धुणे लावावे. मिठाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याच्या जडपणाचा आकडा यंत्राला सांगणे. पुस्तिकेत तो बहुधा जर्मन अंशांत असतो आणि असा एक अंश लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅमचा. तेव्हा ४५० मिलिग्रॅमचे पाणी म्हणजे पंचवीस अंशांचे. यासाठी टीडीएस मोजण्याच्या काडीवर विसंबू नकोस, ती पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार मोजते. कठीणपणाच्या कागदी पट्ट्या स्वतंत्र मिळतात.

त्याआधी एक पेला साक्षीला बोलाव. तो दहा मिनिटे व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेव. साय निघून गेली तर ती चुन्याची, आणि वरील बंदोबस्ताने ती थांबेल. न गेली तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. ही झीज बहुधा पाणी फाजील मऊ केल्याने, चूर्ण जास्त पडल्याने आणि उष्ण धुण्यांनी होते, आणि तिच्यावर औषध नाही. म्हणजे एकाच दिसणाऱ्या दोषाची कारणे अगदी परस्परविरुद्ध असू शकतात, आणि साक्ष न घेता मीठ वाढवणारा मनुष्य आपले पेले अधिकच बिघडवून घेतो.

फिरत्या हातांच्या भोकांत आपल्याकडे मोहरी आणि जिरे जाऊन बसतात. हात काढून, टाचणीने भोके मोकळी करून, आतून पाणी खेळवावे. भांडी ओली निघतात, ती बहुधा चकाकीचे द्रव संपल्यामुळे. प्लास्टिकचे डबे मात्र उष्णता धरत नसल्याने ओलेच राहणार, त्यांच्यासाठी धुणे संपताच दार किंचित उघडे ठेव. घाण वास आला तर दाराच्या रबरी पट्टीची घडी पूस आणि महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व घालून, भांड्यांवाचून, उष्ण पाण्याचे एक धुणे लाव. ब्लीच आणि आम्ल मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

तू वरच्या मजल्यावर राहतोस, म्हणून दाबाबद्दल दोन शब्द. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे सुमारे एक बार दाब. तुझी गच्चीवरची टाकी तुझ्या नळाच्या तीन मीटर वर असेल, तर तुझ्या वाट्याला ०.३ बारच येतो, आणि कित्येक यंत्रांची किमान मागणी तेवढी किंवा त्याहून अधिक असते. यंत्र कधी पाणी नाही म्हणून थांबू लागले, तर आधी आत येणाऱ्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी पाहा. टँकरच्या पाण्यातली रेती तिच्यात ठाण मांडते. जाळी स्वच्छ असूनही धार मंद असेल, तर दाब वाढवणाऱ्या लहान पंपाची तजवीज करणे भाग आहे. नळीच्या तोंडाशी जाडजूड प्लास्टिकची पेटी असल्यास ती पाण्यात बुडवू नकोस, तिच्यात विजेची झडप असू शकते.

फेसाची हकीकत सांगण्यास मला संकोच वाटतो, पण काकू तुला सांगेलच. पहिल्या महिन्यात चूर्ण संपले म्हणून मी सिंकवरच्या साबणाची चमचाभर धार त्यात सोडली. अर्ध्या तासाने दाराच्या फटीतून फेस बाहेर येऊन स्वयंपाकघरभर पसरला, आणि तळाच्या पत्र्यात पाणी उतरल्यामुळे तरंगता खटका उचलला जाऊन यंत्राने पुढे काही करण्यास नकार दिला. हा नकार यंत्राच्या शहाणपणाचा असतो. त्याला न जुमानता पुन्हा पुन्हा कळ दाबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि येथे आपला अखत्यार संपतो. पाण्याची वाट मोकळी करणे आपले. विजेची वाट नव्हे. यंत्र चालू करताच घरातला सुरक्षा-खटका पडत असेल, पाणी तापतच नसेल, जळका वास येत असेल किंवा खालच्या पत्र्यात वरचेवर पाणी जमत असेल, तर बाजूचे पत्रे उघडू नकोस. तापनदांडी आणि तिच्या तारा हा जाणत्या कारागिराचा प्रांत आहे. त्याला बोलावताना मात्र तू काय काय पाहिलेस, पाते फिरते की नाही, पडद्यावर कोणता आकडा होता, हे लिहून ठेव. हाती असा कागद असलेल्या घरी पंप बदलण्याचे हुकूम सहसा सुटत नाहीत. यंत्राला सोळा अँपिअरचा, अर्थिंग केलेला स्वतंत्र प्लग आहे ना, तेही याच निमित्ताने पाहून घे. लांबवलेल्या वायरीवर ते चालवत असशील तर आजपासून बंद कर.

कुकरचे झाकण, पितळेची भांडी, लोखंडी तवा आणि पोळपाट यांना त्यात जागा नाही, हे तुला ठाऊक असेलच. आमच्या ॲल्युमिनियमच्या कुकरचे झाकण काळे पडले तेव्हा मला ते कळले.

रविवारी जेवायला येणार आहेस असे काकू म्हणते. तोवर गाळणी उघडून झाली असेल. माझा चिंचोका मी एका डबीत जपून ठेवला आहे. तुझ्या पंपातून जे काही निघेल ते टाकून न देता कागदात बांधून आण, आणि तो पांढरा पेलाही आण. व्हिनेगर घरात आहे.

तुझा,
काका