मूळ गाव विचारतील तेव्हा

वाकोआ, मॉरिशस

चि. मीरा हिस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात रोज कोणीतरी विचारतं, "मूळची कुठली?" तू मॉरिशस म्हणतेस. "ते झालं गं, पण मूळची?" मग रत्नागिरी म्हटलंस की चेहरे खुलतात, "म्हणजे आपलीच की!" आणि पाच मिनिटांत तुझं मराठी ऐकून त्यांना हसू फुटतं. यातलं खरं काय धरू, असं तू विचारतेस.

दोन्ही गोष्टी ते प्रेमानेच करतात असं धरून चाल. जेवायला बोलावलं तर पोटभर जेव. पण 'आपली' हा शब्द केवळ रत्नागिरीच्या जोरावर मिळत असेल, तर जरा जपून घे. त्याची दुसरी बाजू मी इथे पाहिली आहे.

आपला पूर्वज करारी मजूर म्हणून पोर्ट लुईला उतरला, घाटाच्या सोळा पायऱ्या चढला, तेव्हा त्याला नंबर मिळाला. त्या नंबरावरून मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरात मी त्याचं गाव शोधलं आणि कागद चौकटीत लावला. तुला ठाऊक आहेच, पाहुणा आला की मी आधी तिकडेच नेतो. एकदा शेजारच्या तांतीन मारीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," म्हणाली, "आमच्याकडे असा कागद नाही." तिचे लोक मादागास्करचे की मोझांबिकचे, हे तिला नक्की सांगता येत नाही. गुलामाला मालक स्वतःला हवं ते नाव द्यायचा. त्याचं गाव विचारायची गरज कोणाला होती?

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. भाषेचा तास आला की वर्ग फुटायचा. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मंदारिन, ज्याने त्याने आपल्या पूर्वजांची भाषा घ्यायची. एक क्रिओल पोरगा माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. त्याच्या भाषेला तासच नव्हता. गंमत म्हणजे मधल्या सुट्टीत आम्ही सगळे त्याचीच भाषा बोलायचो, गुरुजीही. क्रिओल प्राथमिक शाळेत आली २०१२ साली, मी निवृत्त झाल्यावर. त्या पोराला आत बोलावायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती, तरी मी बोलावलं नाही.

आपल्या राज्यघटनेतही तेच आहे. हिंदू, मुसलमान, चिनी असे तीन समाज, आणि जीवनपद्धतीवरून यांपैकी कशातच न बसणारे ते 'सर्वसाधारण जनता'. म्हणजे उरलेले! संसदेतल्या आठ जादा जागा या हिशोबाने वाटायच्या, आणि त्यासाठी आधार १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर कोणी समाज विचारलाच नाही. न विचारणं मला शहाणपणाचं वाटतं. जुना आकडा अजून वापरणं मात्र हास्यास्पद आहे.

१२ मार्च १९६८ ला शां द मार्सवर चार पट्ट्यांचा झेंडा चढला तेव्हा मी गर्दीत होतो, अठरा वर्षांचा. आधीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना पडली होती. जानेवारीत दंगली झाल्या होत्या, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं होतं. हिंदूंचं राज्य येणार म्हणून कित्येकांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. आमच्या घरी या भीतीची थट्टा व्हायची. पुढे मला कळलं की ती अगदीच पोकळ नव्हती. तांतीन मारीचा थोरला भाऊ तेव्हा गेला, तो परत आला नाही.

तेव्हा पुन्हा कोणी "मूळची?" म्हणालं तर रत्नागिरी जरूर सांग, लाजू नकोस. पण आधी मॉरिशस सांग आणि तिथेच थांबून बघ. ऐकणारा पुढे काय विचारतो त्यावरून माणूस कळेल. तुझ्या मराठीला हसले तर त्यांना आपल्या गणपतीतली झाकरी म्हणून दाखव. त्यांच्या आज्यांनी कोकणात ऐकली असेल. आणि त्यांना हेही विचार, की तुमच्या गल्लीत असा कोण आहे ज्याला तुम्ही रोज "मूळचा कुठला?" विचारता.

यंदा विसर्जनाला तांतीन मारी आपल्याबरोबर समुद्रापर्यंत आली, गुडघा दुखत असूनही. तुझी चौकशी रोज करते. तिला फोनवर दोन शब्द बोलून पाठव, क्रिओलमध्ये. गेल्या वेळी तू मराठीत पाठवलंस, ते मला भाषांतर करून सांगावं लागलं.

तुझा,
आजा