माणसाने सोडलेला चंद्र

आकाशातला चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हा चंद्र निसर्गाचा. पण १९५७ साली माणसाने स्वतः एक छोटासा चंद्र घडवला आणि आकाशात सोडला. त्याला कृत्रिम उपग्रह म्हणतात. कृत्रिम म्हणजे माणसाने केलेला. उपग्रह म्हणजे ग्रहाभोवती फिरणारा. या छोट्या चंद्राने दोन बलाढ्य देशांत मोठी चढाओढ लावली. तिची हकीकत आज आपण वाचू.

पहिला उपग्रह

तेव्हा रशिया आणि भोवतालचे प्रदेश मिळून सोव्हिएत संघ नावाचा मोठा देश होता. १९९१ साली तो मोडला. या देशाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला उपग्रह सोडला. त्याचे नाव स्पुटनिक.

स्पुटनिक म्हणजे धातूचा गोल गोळा. त्याला चार लांब दांड्या होत्या. रुंदी ५८ सेंटिमीटर. वजन सुमारे ८४ किलो, म्हणजे एक क्विंटल कापसापेक्षाही कमी. दर ९६ मिनिटांनी तो पृथ्वीला एक फेरी घालायचा. त्याचा 'बीप बीप' आवाज जगभर रेडिओवर ऐकू आला. तीन आठवड्यांनी बॅटरी संपली आणि आवाज थांबला. पुढे ४ जानेवारी १९५८ रोजी तो खाली येता येता जळून गेला.

तो लगेच पडला का नाही?

ज्वारीवर पाखरे बसली की आपण गोफण फिरवतो. जोर कमी असला तर गोटा जवळ पडतो. जोर जास्त असला तर लांब पडतो. आता समजा, गोट्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटर झाला. जळगावहून धुळ्याला जायला एसटीला दोनेक तास लागतात. हा गोटा दहा-बारा सेकंदांत पोचेल!

एवढ्या वेगाने जाणारा गोटाही खाली पडतच असतो. पण पृथ्वी गोल आहे. गोटा जेवढा खाली येतो, तेवढीच जमीनही वाकत खाली जाते. म्हणून तो जमिनीला टेकतच नाही, फिरत राहतो. मात्र खाली हवा आडवी येते. म्हणून उपग्रहाला रॉकेटने शेकडो किलोमीटर उंच न्यावे लागते.

अमेरिका का घाबरली?

एवढ्याशा गोळ्याला अमेरिका का घाबरली, असं तुम्ही म्हणाल. भीती गोळ्याची नव्हती, रॉकेटची होती. दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब होते. गोळा वर नेणारे रॉकेट समुद्रापलीकडे बॉम्बही टाकू शकते, हे सगळ्यांना कळून चुकले.

महिनाभरात, ३ नोव्हेंबरला, सोव्हिएत संघाने दुसरा उपग्रह सोडला. त्यात लायका नावाची कुत्री होती. तिला परत आणायची सोयच नव्हती. बिचारी वरच मेली. ६ डिसेंबरला अमेरिकेने आपला उपग्रह सोडून पाहिला. रॉकेट थोडे उचलले आणि तिथेच पेटले. साऱ्या जगात हसे झाले. शेवटी ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा 'एक्सप्लोरर' वर गेला. त्याचे वजन फक्त १४ किलो.

पण अमेरिका एवढ्यावर थांबली नाही. १९५८ सालीच तिने अंतराळाच्या कामासाठी 'नासा' ही संस्था काढली. शिवाय एक कायदा केला. शाळा-कॉलेजांत विज्ञान, गणित आणि परक्या भाषा चांगल्या शिकवता याव्यात म्हणून सरकारने पैसा दिला. पाहा, केवढा श्रीमंत देश! पण आपण मागे पडलो असं वाटताच त्यालाही शाळेकडेच वळावे लागले.

चढाओढ चालूच राहिली. १२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत संघाचा युरी गागारिन अंतराळात गेला. तिथे जाणारा तो पहिला माणूस. जुलै १९६९ मध्ये अमेरिकेची माणसे चंद्रावर उतरली. दोन्हीकडे शस्त्रेही वाढत होती. तरी १९६७ साली दोघांनी एका करारावर सह्या केल्या. अंतराळात अणुबॉम्ब ठेवायचे नाहीत, असे ठरले.

आपण काय केले?

भारत या भांडणात पडला नाही. तो दोघांकडूनही शिकला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा गावाहून आपण पहिले रॉकेट उडवले. ते अमेरिकेचे होते. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला पहिला उपग्रह 'आर्यभट' वर गेला. तो बांधला आपल्या लोकांनी, पण वर नेला सोव्हिएत रॉकेटने. त्याच वर्षी अमेरिकेच्या उपग्रहावरून आपल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीवर शेती आणि आरोग्याचे पाठ दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुढे १८ जुलै १९८० रोजी 'रोहिणी' उपग्रह आपण आपल्याच रॉकेटने सोडला.

आज अरबी समुद्रावर ढग कुठे जमले, ते आपले उपग्रह वरून पाहतात. हवामान खाते त्यावरून पावसाचा अंदाज सांगते. धुळ्याचा कापूसवाला, रावेर-यावलचा केळीवाला, दोघांनाही तो अंदाज हवा असतो. भीतीतून निघालेली विद्या अशी शेताच्या बांधापर्यंत आली. शिकणाऱ्याने ती दोघांकडून घेतली, आणि मग स्वतःची केली.

विचार करा

१. गोफणीचा गोटा पडतो, मग उपग्रह का पडत नाही?
२. अमेरिकेला कशाची भीती वाटली? तिने शाळांसाठी काय केले?
३. पावसाचा अंदाज तुमच्या गावात कोण ऐकतो? तो इतरांना वाचून दाखवता येईल का?