कपॅसिटरवरील खुणा कशा वाचाव्यात?

आमचे अनेक माजी विद्यार्थी तळोजा औद्योगिक वसाहतीत देखभालीची कामे करतात. काही पालक पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करतात. या सर्वांच्या हाती वरचेवर येणारी वस्तू म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकात तिला ‘धारित्र’ म्हणतात, दुकानात मात्र अजूनही ‘कंडेन्सर’ हेच नाव चालते. ‘जुन्यासारखाच द्या’ असे सांगून नवा नग आणण्याची रीत सार्वत्रिक आहे. परंतु दुकानदाराने त्याच मूल्याचा, पण वेगळ्या खुणा असलेला नग पुढे केला, की आपण अडतो आणि त्याच्या शब्दावर विसंबतो. हे परावलंबन टळावे, एवढ्यासाठी हा पाठ.

विद्युतभार साठविण्याच्या क्षमतेचे एकक फॅरड. हे नाव मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांच्यावरून आले. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकला. हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी ठेवावे. फॅरड हे एकक व्यवहारात फार मोठे ठरते. म्हणून मायक्रोफॅरड, नॅनोफॅरड व पिकोफॅरड वापरतात. १ मायक्रोफॅरड म्हणजे १००० नॅनोफॅरड, म्हणजेच १०,००,००० पिकोफॅरड.

बोराएवढ्या चकतीवर एवढी शून्ये मावणार कशी? म्हणून तीन अंकांची युक्ती निघाली. ‘१०४’ या खुणेतील पहिले दोन अंक संख्या सांगतात, तिसरा अंक पुढे किती शून्ये लावायची ते सांगतो. म्हणजे १० पुढे चार शून्ये, १,००,००० पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. इतिहासाच्या शिक्षकाला येथे नाशिकची पांडवलेणी आठवणे साहजिकच. तेथे नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ३००० कार्षापणांच्या दानाची नोंद आहे. त्या ब्राह्मी अंकांत शून्य नाही. सहस्राच्या चिन्हालाच तीनाची खूण जोडलेली असते. तो नियम ठाऊक नसलेल्याला आकडा दिसतो, पण कळत नाही. (त्याच नाशकात आज फिल्म कपॅसिटर तयार होतात.)

फसगत होते ती ‘४७०’ येथे. हे चारशे सत्तर नव्हे; ४७ पुढे शून्य शून्ये, म्हणजे ४७ पिकोफॅरडच. चारशे सत्तर लिहायचे तर ‘४७१’ छापतात. तिसऱ्या अंकात एकाची चूक झाली, की मूल्य दहापट बदलते. ‘४एन७’ असे दिसल्यास ‘एन’ हे अक्षर नॅनो दाखविते आणि दशांशचिन्हाचेही काम करते : ४.७ नॅनोफॅरड. बारीक छपाईत टिंब पुसले जाते, अक्षर टिकते.

अंकांमागील अक्षर मूल्यातील फरकाची मर्यादा सांगते. ‘जे’ म्हणजे ५, ‘के’ म्हणजे १०, ‘एम’ म्हणजे २० टक्के कमी-अधिक. ‘१०४के’ मधील ‘के’ला हजार समजू नये. आरंभी ‘२ए’ असल्यास दाब १०० व्होल्ट, ‘१एच’ असल्यास ५० व्होल्ट. बदली नग जास्त व्होल्टचा चालतो, कमी व्होल्टचा कधीही नाही. ‘एक्स२’ असे छापलेला नग थेट घरच्या वीजपुरवठ्यावर बसविलेला असतो. त्याच्या जागी ‘एक्स२’च हवा, येथे स्वस्ताईचा मोह धरू नये.

ॲल्युमिनियमच्या नळकांडी कपॅसिटरवर पट्टा असतो तो ऋण टोकाच्या बाजूस. टॅंटलमच्या चौकोनी कपॅसिटरवर मात्र पट्टा धन टोक दाखवितो. उलटा बसविलेला नग फुटू शकतो, म्हणून हा भेद पाठच करावा.

आता छताचा पंखा. त्याच्या कपॅसिटरवर बहुधा ‘२.५ एमएफडी, ±५%, ४४० व्होल्ट’ आणि ‘आयएस १७०९’ हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. ‘एमएफडी’ म्हणजे मायक्रोफॅरडच. पंखा गुणगुणतो पण मंद फिरतो, तेव्हा कपॅसिटरची क्षमता घटलेली असण्याचा संभव मोठा. वेग वाढावा म्हणून मोठ्या मूल्याचा नग बसविल्यास गुंडाळी तापते. आधी वीज तोडावी, रोधकातून साठलेला भार उतरवावा, मग मीटर लावावा. खुणेप्रमाणे वाचन २.३७५ ते २.६२५ यांच्या दरम्यान हवे. त्याखाली आले तर नग बदलावा, त्यात असेल तर दोष बेअरिंग किंवा गुंडाळीत शोधावा.