मिसर देशाची शेती : पाणी, कापूस व भाकरी यांचा हिशेब

दुसऱ्या गांवचें दप्तर चाळलें म्हणजे आपल्या गांवच्या दप्तरांतील चुका दिसूं लागतात, असा आमचा महसूल खात्यांतील कारकुनीचा अनुभव आहे. म्हणून या धड्यांत आम्ही मिसर, म्हणजे इजिप्त, या अरबी देशाच्या शेतीचें दप्तर उघडून आपल्यापुढें ठेवीत आहों. हा देश आपल्यासारखाच प्राचीन व शेतीवर पोसलेला. आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखालीं राहिलेला. आणि आपल्यासारखाच शेती, कारखाने व शास्त्र या तिहींचा मेळ घालण्याच्या खटपटींत असलेला. त्यानें काय कमावलें व काय गमावलें, हें क्रमानें पाहूं.

नदी हाच पाऊस

मिसरचें क्षेत्रफळ सुमारें १० लाख चौरस किलोमीटर आहे. परंतु त्यांतील शंभर भागांपैकीं जेमतेम चार भाग वहितीस येतात. बाकी सर्व वाळवंट. कैरो शहरीं वर्षाकाठीं सरासरी एक इंच पाऊस पडतो. जी शेती आहे ती नाईल नदीच्या दोन्ही कांठांवर व तिच्या मुखाजवळील त्रिभुज प्रदेशांत. पाऊस पडतो तो दूर दक्षिणेस, हबसाण ऊर्फ इथिओपिया देशाच्या डोंगरांत. आणि त्याचा पूर ऑगस्ट-सप्टेंबरांत मिसरांत पोंचत असे.

जुन्या काळीं शेतांभोंवतीं बांध घालून मोठमोठे हौद करीत व पुराचें पाणी त्यांत तीन-चार फूट उंच, सहा-सात आठवडे कोंडून ठेवीत. गाळ खालीं बसला, जमीन पोटभर पाणी प्याली, कीं उरलेलें पाणी नदींत परत सोडीत. मग त्या ओलीवर गहूं, जव, बाकला व बरसीम हीं पिकें निघत. बरसीम हा घास आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं मिसरांतूनच सिंधमार्गें आला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. या रीतींत पीक वर्षास एकच निघे. परंतु दोन लाभ फुकट मिळत. नवा गाळ येई, आणि जमिनींतील क्षार धुऊन जात. हा दुसरा लाभ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

सरकारी साराही पुरावरच ठरे. कैरोजवळील रोडा बेटावर इ. स. ८६१ सालीं बांधलेली एक मापविहीर आजही उभी आहे. तिच्यांतील दगडी खांबावर हातांच्या खुणा आहेत. पाणी सोळा हात चढलें म्हणजे सरकारास पूर्ण सारा मागण्याचा हक्क. त्याखालीं राहिलें तर सूट. आपल्याकडील पैसेवारींत पीक नजरेनें अजमावतात व मग वर्षभर तंटे चालतात. तेथें मात्र माप खांबावरील खुणांनीं ठरत असे. माप ठरलेलें असलें म्हणजे तंटा कमी होतो, हा पहिला बोध.

कापसाचा भर आणि कर्जाचा भार

मुहम्मद अली हा १८०५ ते १८४८ पर्यंत मिसरचा सत्ताधीश होता. त्यानें १८२० च्या सुमारास लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू करविली. कापूस उन्हाळी पीक. त्यास नदी आटलेली असतां पाणी हवें. म्हणून खोल कालवे आले, १८६१ सालीं नाईलच्या मुखाकडील बंधारा पुरा झाला, व बारमाही पाटपाण्याची पद्धत पसरली. बंधाऱ्याचा पाया कच्चा निघाला. तो १८९० पर्यंत दुरुस्त केला तो हिंदुस्थानच्या पाटबंधारे खात्यांत अनुभव घेतलेल्या स्कॉट-मॉन्क्रीफ या इंजिनेरानें. पुढें १८९८ ते १९०२ या काळांत बांधलेल्या अस्वानच्या पहिल्या धरणाची आंखणी करणारा विल्कॉक्स हा तर हिंदुस्थानांत जन्मलेला व रुरकीस शिकलेला.

अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ या सालीं कापसाचे भाव गगनास भिडले. आपल्या वऱ्हाड-खानदेशांत जो पैसा त्या वेळीं आला, तोच मिसरांतही आला. आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच मुंबईचे शेअरवाले जसे बुडाले, तसें मिसरही घसरणीस लागलें. तेथील राज्यकर्ता इस्माईल यानें चढ्या भावाच्या भरंवशावर रेल्वे, कालवे व राजवाडे यांसाठीं परदेशी कर्ज काढलें. सुवेझ कालवा १८६९ त खुला झाला. १८७५ त त्यांतील सरकारी हिस्सा इंग्रज सरकारास विकावा लागला. १८७६ त दिवाळें निघालें. आणि १८८२ त इंग्रजी फौज देशांत उतरली. तेजीच्या भावावर दीर्घ मुदतीचें कर्ज काढणाऱ्या कुटुंबाची जी गत होते, तीच एका देशाची झाली.

उंच धरणाचा जमाखर्च

देश स्वतंत्र बाण्याचा झाल्यावर, १९५२ च्या क्रांतीनंतर, सरकारनें अस्वान येथें नवें उंच धरण बांधण्याचें ठरविलें. अमेरिकेनें जुलै १९५६ मध्यें मदतीचा शब्द मागें घेतला; त्याच महिन्याच्या २६ तारखेस नासर यांनीं सुवेझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. पुढें रशियाच्या साहाय्यानें जानेवारी १९६० मध्यें काम सुरू होऊन १९७० त पुरें झालें. धरणाची लांबी ३,८३० मीटर, उंची १११ मीटर. जलाशयांत सुमारें १६२ अब्ज घनमीटर पाणी मावतें. आपल्या कोयनेच्या शिवसागरासारखे पन्नासांहून अधिक जलाशय एकत्र केले तर ही बरोबरी होईल. सुदानशीं १९५९ सालीं झालेल्या करारान्वयें मिसरचा वांटा दरसाल ५५.५ अब्ज घनमीटर व सुदानचा १८.५ अब्ज असा ठरला.

जमेच्या बाजूस पुढील रकमा आहेत. पूर थांबला. हौदांची जमीन बारमाही पाण्याखालीं आली. २,१०० मेगावॅट विजेची सोय झाली. सन १९८० नंतर हबसाणांत भीषण अवर्षण पडलें तेव्हां साठविलेल्या पाण्यावर मिसरची पिकें तगलीं.

खर्चाच्या बाजूस पाहतां, दरसाल येणारा दहा कोटी टनांच्या आसपासचा गाळ धरणामागें अडकला, व शेतकऱ्यास रासायनिक खतांवर भिस्त ठेवावी लागली. समुद्राची धूप त्रिभुज प्रदेशाचा कांठ खाऊं लागली. मिसरांतील सुमारें ५० हजार नूबी लोकांस वाडवडिलांचीं गांवें सोडावीं लागलीं. विस्थापिताचें दुःख कोयना-उजनीच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

सर्वांत मोठा खर्च मात्र डोळ्यांआड झाला: जमिनींतील पाणी वर चढलें, आणि क्षार पृष्ठभागीं आले. पूर्वी पूर क्षार धुऊन नेई. आतां तो धोबीच राहिला नाहीं.

निचऱ्याचें काम

येथें आमच्या नोकरींतील एक गोष्ट सांगणें भाग आहे. कालव्याखालच्या एका तालुक्यांत आम्ही होतों. नोकरीच्या आरंभीं पीकपाहणीच्या तपासणींत ज्या गटांत डोक्याएवढा ऊंस आम्हीं पाहिला, त्याच गटापुढें कांहीं वर्षांनीं ‘पोटखराबा’ अशी नोंद आमच्याच हस्ताक्षरांत झाली. जमिनीवर पांढरी पापुद्री आली होती. शेतकऱ्याचें नांव तेंच, क्षेत्र तेंच. तो आमच्या टेबलापाशीं उभा राहून म्हणाला, “भाऊसाहेब, पाणी मागितलें हा माझा गुन्हा काय?” आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं, कारण आमच्यापाशीं तें नव्हतें.

तें उत्तर मिसरच्या दप्तरांत सांपडतें. तेथेंही १९०९ सालीं कापसाचें पीक बसलें, तेव्हांपासून पाझराचा प्रश्न जाणत्यांच्या मनांत होता. परंतु खरें काम १९७० नंतर जागतिक बँकेच्या कर्जानें झालें. निचऱ्यासाठीं १९७३ सालीं स्वतंत्र सरकारी खातें स्थापिलें. शेताखालीं सुमारें चार ते पांच फूट खोल भोंकांचे नळ पुरावयाचे, ते मोठ्या नळास जोडावयाचे, व तो उघड्या चरांत सोडावयाचा, अशी ही रचना आहे. आजवर ४० लाखांहून अधिक फेद्दान जमिनीखालीं असे नळ गेले. एक फेद्दान म्हणजे आपल्या एकराहून किंचित् मोठें क्षेत्र. खर्च आधीं सरकार करतें, व मालकाकडून वीस वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांनीं वसूल करतें.

मुद्दा असा कीं, एकट्या शेतकऱ्यास हें काम साधत नाहीं. आपल्या शेतांतला निचरा शेजाऱ्याच्या शेतांतून जाणार. शेजाऱ्यानें अडविला तर सर्वच बुडाले. म्हणून पाणी आणणें हें अर्धें काम. तें काढून देणें हें उरलेलें अर्धें, आणि तें सर्वांनीं मिळून करावयाचें असतें.

जमीन, खंड व सोसायट्या

सन १९५२ पूर्वी मिसरांत शेंकडा अर्ध्याहून कमी मालकांकडे एकतृतीयांश जमीन होती. सप्टेंबर १९५२ च्या कायद्यानें धारणेची मर्यादा २०० फेद्दान ठरविली. ती १९६१ त १०० व १९६९ त ५० झाली. खंडाची मर्यादा साऱ्याच्या सातपट बांधून दिली. ज्यांस जमीन मिळाली त्यांस सहकारी सोसायटीचें सभासद होणें सक्तीचें होतें. सोसायटीनें बियाणें, खत व कर्ज द्यावें. कापूस एकत्र विकावा. आणि लहान तुकडे असले तरी एका शिवारांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें, अशी योजना होती. मालकी निराळी, पेरणी एकत्र. यामुळें फवारणी, पाणी व फेरपालट सोपी झाली.

परंतु त्याच सोसायटीच्या द्वारें सरकार कापूस व तांदूळ ठराविक, बहुधा जगाच्या बाजाराहून कमी भावानें घेऊं लागलें, व मधला फरक कारखाने आणि शहरें यांच्या कामीं लावूं लागलें. परिणाम जो व्हावयाचा तो झाला. शेतकरी बंधन नसलेल्या बरसीम व भाजीपाल्याकडे वळला. १९८६ नंतर हीं बंधनें हळूहळू सैल झालीं. १९९२ च्या कायद्यानें खंडही मोकळा होऊं लागला, व १९९७ पासून तो बाजारभावावर गेला. तेव्हां अनेक लहान कुळांचे हाल झाले. एके काळीं वीस लाख फेद्दानांच्या घरांत असलेला कापूस अलीकडच्या वर्षांत दोन-तीन लाख किंवा त्याहूनही कमी क्षेत्रावर आला आहे. सोसायटी सभासदांची असली तर बळ, सरकारची असली तर वसुलीची कचेरी, हें यावरून दिसतें.

भाकरीचा प्रश्न

मिसरची लोकसंख्या १९५० सालीं सुमारें दोन कोटी होती; फेब्रुवारी २०२० त ती दहा कोटी झाली. नदीचें पाणी मात्र तेवढेंच. वांटणी केली तर माणशीं वर्षास पांच-साडेपांचशे घनमीटर येतें; हजाराखालीं टंचाई समजतात. गव्हाची गरज जवळजवळ अर्धी परदेशांतून भागते. जगांतील सर्वांत मोठ्या गहूं घेणाऱ्या देशांत मिसरची गणना होते. सरकारी रोटी स्वस्त ठेवणें हा तेथें राज्याचा पाया. जानेवारी १९७७ मध्यें सवलत कमी करतांच दंगे उसळले व हुकूम मागें घ्यावा लागला. रोटीचा भाव १९८९ पासून पांच पियास्तर होता, तो जून २०२४ मध्यें वीस झाला. रशिया व युक्रेन यांचें युद्ध २०२२ त पेटलें तेव्हां गव्हाचीं जहाजें अडलीं आणि कैरोच्या चुलीस झळ लागली. त्यांतच हबसाणानें निळ्या नाईलवर ७४ अब्ज घनमीटरांचें धरण बांधून ९ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन केलें. पाण्याच्या वांटणीचा वाद मिटलेला नाहीं.

शास्त्राची कास

मिसरच्या शेतकी शास्त्राचें नांव मोठें आहे. कैरोसमोरील गिझा येथें सिद्ध झालेलीं कापसाचीं वाणें ‘गिझा’ व क्रमांक या नांवानें जगभर ओळखलीं जातात. एका टापूंत एकच वाण लावावें, म्हणजे धाग्याची भेसळ होत नाहीं, असा तेथें नियम केला. गुलाबी बोंडअळी हिंदुस्थानांतून कापसाबरोबर तेथें गेली असें मानतात. तिच्यावर त्यांनीं जिनांत सरकी तापवून अळी मारण्याची व ठराविक तारखेपूर्वी पऱ्हाट्या उपटण्याची सक्ती केली. विदर्भांत २०१७ सालीं याच अळीनें बी. टी. कापूसही सोडला नाहीं. तेव्हां बियाण्याच्या पिशवीवर विसंबण्याहून वेळेवर पऱ्हाटी काढणें किती मोलाचें, हें आपण जाणलें.

राष्ट्रीय संशोधन केंद्र १९५६ त व विज्ञान अकादमी १९७१ त निघाली. २०१४ च्या राज्यघटनेंत राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा एक तरी भाग संशोधनावर खर्चावा, असें कलमच घातलें आहे. तथापि तेथील अहमद झेवैल यांस १९९९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें तें अमेरिकेंत केलेल्या कामाबद्दल. कलम लिहून विद्वान घरीं राहत नाहींत. त्यांस प्रयोगशाळा व मान द्यावा लागतो.

समारोप

आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा. पाटपाण्याची मागणी करतांना निचऱ्याची मागणी त्याच अर्जांत करावी. एका पिकाच्या तेजीवर कर्ज काढूं नये. सोसायटीचा हिशेब सभासदांनीं स्वतः वाचावा. आणि शास्त्रानें सांगितलेला नियम सर्व शिवारानें एकदम पाळावा, कारण अळी व पाझर हीं बांध मानीत नाहींत.

ज्या शेतकऱ्यास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, त्यास तें आज या पानावरून देत आहों. पाणी मागणें हा गुन्हा नव्हता. तें काढून देण्याची वाट कोणींच मागितली नाहीं, ही चूक होती. आणि ती आपणां सर्वांची होती. सोसायटीच्या येत्या सभेंत आपल्या गांवचा नकाशा पुढें घेऊन, जुने नाले कोठें होते व कोणीं बुजविले, एवढें जरी पाहिलें, तरी हा धडा वाचल्याचें सार्थक होईल.